कुब्रातच्या पोरांच्या मागावर पाच दिवस

मला मागची तीन-चार वर्षं कुब्रात नावाच्या राजाने झपाटलंय. सातव्या शतकातला माणूस, काळ्या समुद्राच्या उत्तरेला जे अफाट गवताळ माळरान आहे तिथला. त्याच्या आधी तिथे बल्गार लोकांच्या टोळ्या होत्या, ओनोगुर, कुत्रिगुर अशा नावांच्या, सगळे घोड्यावरचे, आणि त्यांच्यावर कधी आवार नावाच्या दुसऱ्या घोडेस्वार लोकांचा जोर तर कधी पश्चिमी तुर्कांचा. कुब्रातने साधारण ६३२ च्या सुमारास या टोळ्या एकत्र केल्या आणि आवारांना हाकललं, ६३५ ला बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, बादशहा हेराक्लियसशी तह केला, आणि त्या राज्याला इतिहासात जुना महान बल्गेरिया म्हणतात. कुबान नदीपासून नीपर नदीपर्यंत पसरलेलं राज्य, पण तीस-पस्तीस वर्षांत संपलं. तो गेला आणि पाच पोरं पाच दिशांना गेली.

खरं तर मला जायचं होतं तिकडेच. पण राजधानी मानतात ते फानागोरिया तामान द्वीपकल्पावर, म्हणजे रशियात, आणि कुब्रातचं दफन जिथे सापडलं असं मानतात ते मालाया पेरेश्चेपिना गाव युक्रेनमध्ये पोल्टावाजवळ, आणि मधे युद्ध चालू आहे. एकाच राजाच्या राज्यातून आज आघाडी जाते, याचं मला फार वाईट वाटतं. मग ठरवलं की बापाकडे जाता येत नाही तर पोराच्या मागे जाऊ. तिसरा पोरगा अस्पारुख डॅन्यूब ओलांडून आला आणि त्याने जे राज्य मांडलं ते आजचं बल्गेरिया.

आम्ही राहतो श्टुटगार्टला. मे २०२५ मध्ये लेकीला सुट्टी होती, बायकोनेही रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो. बल्गेरिया आता पूर्ण शेंगेनमध्ये आहे त्यामुळे आमच्या पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागला नाही.

दिवस पहिला, सोफिया

विमान सकाळी उतरलं, भाड्याची गाडी घेतली, हॉटेलवर सामान टाकलं आणि पहिल्यांदा बानित्सा खाल्ली, पातळ पापुद्र्यांची चीज घातलेली गरम गरम, बरोबर आयरान, म्हणजे आपलं मीठ घातलेलं ताकच. लेकीने दोन ग्लास प्यायले.

मला बघायची होती ती जुन्या संसदेची इमारत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "एकी हीच शक्ती". असं ब्रीद बेल्जियमचंही आहे, पण बल्गेरियात हे वाक्य आलं की लोकांना कुब्रात आठवतो. गोष्ट अशी सांगतात की मरायच्या आधी कुब्रातने पाचही पोरांना बोलावलं, काठ्यांची मोळी दिली, म्हणाला मोडा. कुणालाच मोडेना. मग त्याने एकेक काठी काढून कटाकट मोडून दाखवली. आपण सगळ्यांनी शाळेत "एकीचे बळ" म्हणून हीच गोष्ट वाचलीय ना, म्हातारा शेतकरी आणि त्याची भांडकुदळ मुलं! ही गोष्ट फार जुनी आहे, ग्रीक लेखक प्लुटार्कने ती सिथियन राजा स्किलुरोसच्या नावावर सांगितली आहे, ऐंशी पोरं आणि भाल्यांची मोळी. कुब्रातच्या बाबतीत थिओफानेस आणि निकेफोरोस या दोन बायझंटाईन लेखकांनी एवढंच लिहिलंय की त्याने पोरांना सांगितलं, एकमेकांपासून वेगळे होऊ नका. मोळी नंतर कुणीतरी जोडली.

वेगळे होऊ नका. ते अक्षर बघताना मला आमचे आण्णा आठवले. आम्ही तिघं भाऊ, थोरला दादा गावी शेती करतो कोरेगाव तालुक्यात, मधला पुण्यात, आणि मी इथे. आण्णा शेवटच्या आजारपणात हेच म्हणायचे, जमीन विकू नका आणि एकमेकांना सोडू नका. जमीन नाही विकली. बाकीचं जेवढं जमतं तेवढं फोनवर.

आणि पोरांनी काय केलं? थोरला बातबायान बापाच्या जागी राहिला आणि खझार या शेजारच्या लोकांच्या ताब्यात गेला. दुसरा कोत्राग डॉन नदीपलीकडे गेला, त्याच्या लोकांकडून पुढे व्होल्गाकाठचं बल्गार राज्य झालं, जिथे ९२२ ला बगदादच्या खलिफाचा वकील इब्न फदलान पोचला होता. तिसरा अस्पारुख. चौथा पन्नोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीकडे, आवारांकडे गेला, पाचवा पार इटलीत. ज्याने बापाचं ऐकलं, जो घर सोडून गेला नाही, त्याचंच राज्य बुडालं. जे गेले त्यांच्यातल्या दोघांमुळे नाव टिकलं. यावर मी फार विचार केलाय.

संध्याकाळी सुटे पैसे हातात आले तेव्हा लेकीने बघितलं की स्तोतिंकीच्या नाण्यावर एक घोडेस्वार आहे. म्हणलं थांब, चौथ्या दिवशी हाच माणूस तुला डोंगरावर दाखवतो. (१ जानेवारी २०२६ पासून तिकडे युरो आला, पण सेंटच्या नाण्यांवर हाच स्वार कायम आहे.)

दिवस दुसरा, वेलिको तर्नोवो

सोफियापासून सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. गाव सुंदर आहे, यांत्रा नदी वळसे घेत जाते आणि घरं कड्यावर एकावर एक. किल्ला त्सारेवेत्स बघितला, पण तो दुसऱ्या बल्गेरियन साम्राज्याचा, बाराव्या-तेराव्या शतकातला, माझा विषय तो नाही म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

माझं काम होतं नदीकाठच्या चाळीस हुतात्म्यांच्या चर्चमध्ये. राजा इव्हान आसेन दुसरा याने १२३० ला हे चर्च सजवलं तेव्हा जुने कोरीव खांब आणून आत बसवले. त्यातला एक खान ओमुर्तागचा, म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, चारशे वर्षं आधीचा. अक्षरं ग्रीक आहेत, कारण बल्गारांकडे दगडावर लिहायची स्वतःची रुळलेली लिपी नव्हती आणि सरकारी लिहिणं ग्रीकमध्ये चालायचं. पण ग्रीक मजकुरात मधेच बल्गार पदव्या तशाच्या तशा येतात. राजा स्वतःला "काना सिबिगी" म्हणतो. अधिकाऱ्यांच्या शिलालेखांत "काव्हखान", "तारकान", "बोइला" आणि "बागातुर".

बागातुर! हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. माळरानावरचा तुर्क-मंगोल शब्द, वीर या अर्थाचा, इकडे बल्गारांबरोबर डॅन्यूबला आला आणि तिकडे फारसीतून हिंदुस्थानात येऊन बहादूर झाला. गावाकडे आपण बैलाला, कुत्र्याला, पोराला शाबासकी देताना जो शब्द वापरतो तो या चर्चमधल्या खांबाच्या काळातला सरकारी किताब आहे.

तर ओमुर्ताग खांबावर काय म्हणतो. मी माझ्या जुन्या घरी राहतो आहे आणि डॅन्यूबवर मी एक देखणं घर बांधलं, आणि दोन्ही घरांचं अंतर मोजून बरोबर मधोमध एक टेकाड उभारलं. टेकाडापासून इकडे वीस हजार वाव आणि तिकडेही वीस हजार वाव. (ग्रीक शब्द आहे ओर्गिया, म्हणजे दोन्ही हात पसरून होतं ते माप, आपली वाव तीच.) आणि मग एकदम तो म्हणतो की माणूस चांगला जगला तरी मरतो आणि दुसरा जन्माला येतो, मागून जन्माला येणाऱ्याने हे बघून ज्याने हे केलं त्याची आठवण काढावी. जमिनीच्या मोजणीच्या मजकुरात हे वाक्य आहे. मी खांबाजवळ उभं राहून मोबाईलमधलं भाषांतर लेकीला मराठीत सांगितलं. तिने जर्मनमध्ये विचारलं की मग आपण आत्ता काढतोय का त्याची आठवण. म्हणलं हो.

शेजारी ओमुर्तागच्या बापाचा, क्रुमचा, रोदोस्तो किल्ल्याच्या नावाचा खांब आहे. त्यावर फक्त किल्ल्याचं नाव. जिंकलेल्या जागांच्या नावांचे खांब उभे करायची क्रुमची पद्धत.

दिवस तिसरा, प्रेस्लाव आणि शूमेन

तर्नोवोहून पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत वेलिकी प्रेस्लाव. त्सार सिमिओनने ८९३ ला राजधानी इथे आणली, तोपर्यंत राज्य ख्रिश्चन झालेलं होतं, सिरिलिक लिपी इथल्या लेखनशाळेत घडली. गोल चर्चचे अवशेष, पांढरे खांब, छान आहे. म्युझियममध्ये प्रेस्लावचा खजिना, १९७८ ला द्राक्षमळ्यासाठी जमीन खणताना सापडलेला, सोन्याचे दागिने, इतकं बारीक मीनाकाम की बायको काचेपासून हलेना.

द्राक्षमळा म्हणलं की मला क्रुमचा कायदा आठवतो. सूदा नावाच्या बायझंटाईन कोशात नोंद आहे की क्रुमने पकडलेल्या आवारांना विचारलं, एवढं मोठं तुमचं राज्य बुडालं कसं. ते म्हणाले, लोक एकमेकांवर खोट्या फिर्यादी करायला लागले, न्यायाधीश चोरांना सामील झाले, आणि दारू वाढली. मग क्रुमने कायदा केला की सगळे द्राक्षवेल उपटा, आणि भीक मागणाऱ्याला नुसतं थोडं देऊ नका तर पुन्हा मागायची वेळ येणार नाही एवढं द्या. नोंद क्रुमच्या नंतर दीडएकशे वर्षांनी लिहिलेली आहे त्यामुळे शब्दशः धरता येत नाही, पण भिकाऱ्याबद्दलचं कलम मला मनापासून आवडतं.

प्रेस्लावहून शूमेनकडे येताना खान क्रुम नावाचं गाव लागतं, पूर्वी त्याचं नाव चातालार. तिथे ओमुर्तागचा अजून एक खांब सापडला होता. त्यात तीचा नदीवर वाडा आणि पूल बांधल्याची नोंद आहे, ही नदी वाहते तोवर राजा त्या बायझंटाईन बादशहाला पायाखाली तुडवत राहो असं आहे, आणि शेवटी तारीख दोन भाषांत दिली आहे. ग्रीकमध्ये पंधरावं इंडिक्शन, म्हणजे बायझंटाईनांच्या पंधरा वर्षांच्या चक्रातलं पंधरावं वर्ष, आणि बल्गार भाषेत "शेगोर एलेम". शेगोर म्हणजे बैल. बल्गार लोक बारा प्राण्यांचं चक्र मोजायचे, उंदीर, बैल असं, जसं चीनमध्ये मोजतात. ग्रीक तारखेवरून हे वर्ष ८२१-२२ निघतं.

हे गाडीत सांगत होतो तर मागून लेक म्हणाली, बाबा, २०२१ पण बैलाचं वर्ष होतं, आमच्या वर्गात एक चिनी मुलगा आहे त्याने सांगितलेलं. मी मनात वजाबाकी केली. २०२१ वजा ८२१, बाराशे. बाराने बरोबर भाग जातो! म्हणजे ओमुर्तागच्या खांबावर सुरू असलेलं चक्र बाराशे वर्षांत शंभर वेळा फिरून एकदाही न चुकता चालूच आहे. गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघांनी बसून सगळी यादी काढली. २०२५ हे सापाचं. बल्गार भाषेत साप म्हणजे दिलोम. तिचं जन्मवर्ष २०१४, घोड्याचं. ती एवढी खूश झाली की काय सांगू.

हे शब्द मिळतात कुठून तर बल्गार राजांची एक छोटी यादी आहे, रशियन हस्तलिखितांत टिकलेली, १८६१ ला अलेक्झांडर पोपोव्हला सापडली. पहिला राजा अवितोहोल, तीनशे वर्षं जगला म्हणे. मग इर्निक, दीडशे वर्षं, आणि हा इर्निक म्हणजे हूणांचा राजा अटिला याचा धाकटा मुलगा एर्नाक असं बरेच अभ्यासक धरतात. पुढे कुर्त, साठ वर्षं, कुळ दुलो, वर्ष शेगोर वेचेम. हा कुर्त म्हणजेच कुब्रात. आणि मग ओळ येते की या पाच राजांनी डॅन्यूबपलीकडे ५१५ वर्षं राज्य केलं, मुंडलेल्या डोक्यांनी, आणि नंतर डॅन्यूबच्या अलीकडे आला तो इस्पेरिख, म्हणजे अस्पारुख. सबंध माळरानावरच्या राज्याबद्दल त्यांनी स्वतः ठेवलेली नोंद एवढीच. बाकी सगळं शत्रूंनी आणि शेजाऱ्यांनी लिहिलेलं.

संध्याकाळी शूमेनच्या डोक्यावरचं स्मारक चढलो. १९८१ ला राज्याला तेराशे वर्षं झाली म्हणून बांधलेलं, आणि पायऱ्याही तेराशे. काँक्रीटचे प्रचंड ठोकळे, त्यातून बाहेर येणारे खान, अस्पारुख, तेर्वेल, क्रुम, ओमुर्ताग. बायकोला ते फार कठोर वाटलं. मला आवडलं, कारण त्या खडबडीतपणात ती माणसं घोड्यावरून नुकतीच उतरल्यासारखी वाटतात. खाली सगळं शूमेन दिसतं, तोम्बुल मशिदीचा मिनार पण.

दिवस चौथा, काबियुक, मादारा, प्लिस्का

सकाळी आधी काबियुक, शूमेनजवळचा घोड्यांचा तबेला, १८६४ ला ऑटोमन सुभेदार मिधात पाशाने लष्करासाठी चालू केलेला. बल्गारांशी थेट संबंध नाही, पण घोडा न बघता बल्गार समजणार नाहीत असं मला वाटतं. मोकळ्या कुरणात घोड्या आणि शिंगरं चरत होती, वारा होता, गवत गुडघ्याएवढं. लेकीला अर्धा तास बसवलं. रिकिबीत पाय घातल्यावर ती उभी राहून बघायला लागली, तेव्हा मी बायकोला म्हणलं की बघ, हेच सगळं आहे. युरोपात लोखंडी रिकीब आवारांबरोबर पोचली असं मानतात. रिकीब असली की स्वार उभा राहू शकतो, मागे वळून बाण मारू शकतो, दोन्ही हात मोकळे. शिंग आणि लाकूड आणि स्नायू चिकटवून केलेलं आखूड वाकडं धनुष्य, बदलीला दुसरा घोडा, आणि बायका-पोरं-तंबू-गुरं मागून चालत येणारी. असं राज्य उचलून दुसरीकडे नेता येतं, म्हणून तर पाच पोरं पाचीकडे जाऊ शकली.

मादारा तिथून जवळ. पार्किंगपासून झाडीतून पायऱ्या चढत गेलं की समोर शंभर मीटरचा सरळ कातळ, आणि जमिनीपासून २३ मीटरवर तो स्वार. आधी काहीच दिसत नाही. दगड झिजलाय, डाग आहेत, भेगा आहेत, नजर बसायला वेळ लागतो. मग घोड्याचा पाय दिसतो. मग मागे धावणारा कुत्रा, मग पुढच्या टापांखाली भाल्याने लोळवलेला सिंह, आणि मग एकदम सगळा स्वार उभा राहतो. लेकीने खिशातून नाणं काढून वर धरलं, एक डोळा मिटून जुळवून बघितलं. जुळलं.

बहुतेक अभ्यासक हे काम आठव्या शतकाच्या सुरुवातीचं मानतात. भोवती ग्रीक लेख कोरलेत, सगळ्यात जुना अस्पारुखच्या मागून आलेल्या तेर्वेलच्या काळातला. त्यात "नाक कापलेल्या बादशहा"चा उल्लेख आहे. हा जस्टिनियन दुसरा. त्याला तख्तावरून काढून नाक कापून हद्दपार केलेलं, तो तेर्वेलकडे आला, आणि ७०५ ला बल्गार घोडदळ घेऊन कॉन्स्टँटिनोपलला जाऊन तख्त परत मिळवलं. बदल्यात तेर्वेलला सीझर ही पदवी दिली, परक्या राजाला अशी पदवी तोवर दिलेली नव्हती. आणि लेखात एक ओळ आहे की थेसालोनिकाजवळच्या माझ्या काकांनी या बादशहावर विश्वास ठेवला नाही. काका! म्हणजे अस्पारुखचा भाऊ, कुब्रातचा अजून एक पोरगा, जो आधी आवारांकडे गेला होता आणि तिथून लोक घेऊन मॅसेडोनियात उतरला, कुबेर नाव होतं असं मानतात. बाप गेल्यावर पन्नास वर्षांनी, शेकडो कोस लांब, पुतण्या डोंगरावर कोरतो की काकांचं मत वेगळं होतं. म्हणजे भाऊ तुटले नव्हते. निरोप जात होते. मी तिथे बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

१९७९ ला युनेस्कोच्या यादीत आलंय पण उघड्या कातळावर पाऊस, बर्फ, ऊन सगळं चालू आहे आणि अक्षरं फार झिजलीत. काहीतरी छप्पर व्हायला पाहिजे लवकर, हे मनापासून वाटतं.

मग प्लिस्का, इथल्या बल्गारांची पहिली राजधानी. मादाराहून उत्तरेला अर्धा तासाच्या आत. अस्पारुखने ६८० ला डॅन्यूबच्या मुखाजवळ ओंगालला बायझंटाईन सैन्य हरवलं. बादशहा कॉन्स्टंटाईन चौथा पायाच्या दुखण्यासाठी मेसेंब्रियाच्या गरम झऱ्यांवर निघून गेला आणि सैन्यात अफवा झाली की बादशहा पळाला. ६८१ ला तह करून बायझंटाईनांनी खंडणी कबूल केली. आणि मग या सपाट मैदानावर बल्गारांनी तळ ठोकला. मैदान का निवडलं ते उभं राहिल्यावर कळतं. डोंगर लांब आहेत, गवत भरपूर, आभाळ मोठं. माळरानासारखं.

बाहेरचा मातीचा बांध आणि खंदक २३ चौरस किलोमीटरला वेढा घालतो. एवढ्या जागेत घरं थोडी आणि बाकी तंबू, गुरं, घोडे. म्हणजे कुंपण घातलेलं माळरानच ते! मग आत दगडी तटाची छोटी नगरी, ती नवव्या शतकात ओमुर्तागच्या वेळची, अजस्र पांढऱ्या दगडांची, पूर्व दरवाजा पुन्हा उभा केलाय. त्याच्या आधीचा क्रुमचा वाडा बादशहा निकेफोरस पहिला याने ८११ च्या जुलैमध्ये जाळला, माणसं कापली. क्रुमने तहाची बोलणी लावली ती त्याने ऐकली नाही. परतीच्या खिंडीत बल्गारांनी लाकडी अडथळ्यांनी वाट बंद केली आणि २६ जुलैला सैन्यासकट त्याला मारलं. ३७८ साली आद्रियानोपलला व्हॅलेन्स पडला त्यानंतर लढाईत मेलेला हा पहिला रोमन बादशहा. क्रुमने त्याच्या कवटीला चांदी मढवून पेला केला. हे मी लेकीला सांगितलं नाही, पण तिने पाटीवर वाचलंच.

बाहेरच्या बांधाच्या आतून मोठ्या बॅसिलिकेकडे, म्हणजे जुन्या चर्चकडे, जाणारा रस्ता शेतातून जातो आणि तिथे आमचा टायर बसला. स्टेपनी होती पण गाडीतला जॅक मोडका निघाला, कंपनीला फोन केला तर दोन तास म्हणाले. ऊन, गव्हाचं शेत, कुणी नाही. वीस मिनिटांनी ट्रॅक्टरवरून एक काका आले, साठीचे. मला बल्गेरियन येत नाही, त्यांना इंग्लिश येत नाही, पण त्यांनी तरुणपणी जर्मनीत बांधकामावर काम केलेलं त्यामुळे मोडकं जर्मन जमलं. घरी तुर्की बोलतात म्हणाले, या भागात बरेच लोक तुर्की बोलणारे आहेत. ट्रॅक्टरमधून जॅक काढला आणि कामाला लागले.

तेवढ्यात बांधाच्या गवतातून एक ससा निघाला आणि रस्ता ओलांडून पळाला. काका हात दाखवून म्हणाले, तावशान! लेकीच्या वर्गात तिची जवळची मैत्रीण तुर्की आहे, तिला शब्द माहीत होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, यादीतलं काय होतं, द्वान्श? यादीत द्वान्श म्हणजे ससा. मग तिने काकांना विचारायला सुरुवात केली, साप? यिलान. (यादीत दिलोम.) कोंबडी? तावुक. (यादीत तोख.) गुरं? सीर, पण त्याचं जुनं लिहिणं सिगीर असं. शेगोर! काकांना काही कळेना ही मुलगी एवढ्या उड्या का मारतेय, मी जेवढं जमेल तेवढं सांगितलं, आणि ते टायरवर बसून हसायला लागले, आणि म्हणाले, खान माझी भाषा बोलायचा? म्हणलं तुमचीच नाही, तुमच्या भाषेची चुलत बहीण. त्या शाखेची आज जिवंत राहिलेली एकच भाषा, चुवाश, व्होल्गाकाठी.

खरंच, बल्गेरियात आज बल्गार भाषा कुणालाच येत नाही. भोवती स्लाव लोक जास्त होते, लग्नं झाली, आठ-दहा पिढ्यांत खानांची भाषा विरून गेली. ८६४ च्या सुमारास राजा बोरिसने बाप्तिस्मा घेतला, पुढे सिरिल आणि मेथोडियस यांच्या शिष्यांनी स्लाव भाषेत धर्म आणि पुस्तकं आणली आणि मग ते पक्कंच झालं. बोयारसारखे थोडे शब्द राहिले आणि लोकांचं नाव राहिलं. ही गोष्ट मला कुठल्याही लढाईपेक्षा जास्त लागते, कारण माझी लेक मी मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देते आणि मी रोज ते ऐकतो.

काकांनी पैसे घेतले नाहीत. बायकोने डब्यातल्या मेथीच्या दशम्या दिल्या, त्यांनी एक तिथेच खाल्ली.

बॅसिलिका अवाढव्य आहे, जवळपास शंभर मीटर लांब, पाया आणि काही भिंती. बोरिसने बांधलेली. धर्म बदलताना त्याने रोमला पोप निकोलस पहिला यांना प्रश्न पाठवले होते, ८६६ ला त्यांची १०६ उत्तरं आली, ती आजही आहेत. आम्ही पायजमा घालावा का? घाला, पुरुषांनी, बायकांनी, त्याने काही बिघडत नाही. युद्धात झेंडा म्हणून घोड्याची शेपटी न्यायचो, आता काय न्यायचं? क्रूस. वाचताना कळतं की माळरानावरची माणसं एकेक सवय हातात घेऊन विचारत होती, ही ठेवू का ही सोडू.

दिवस पाचवा, वार्ना

नव्वद किलोमीटर, हायवे. वार्ना हे नाव थिओफानेसने लिहिलंय, अस्पारुखचे लोक या वार्नापर्यंत आले म्हणून. पुरातत्त्व म्युझियममध्ये साधारण साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतलं सोनं आहे, जग ते बघायला येतं, आम्हीही बघितलं.

पण मी आलो होतो एका छोट्या वस्तूसाठी. जवळच्या देवन्याला सापडलेला, चुनखडीच्या दगडातून कोरलेला तंबू. माळरानावरचा गोल तंबू, युर्त, हातात मावेल एवढा, अंगावर रेघांनी ओरखडून काढलेली चित्रं. मुलांचं खेळणं असावं असं म्हणतात. कुणीतरी बाप असेल, जो स्वतः तंबूत वाढला आणि आता त्याचं पोर भिंतीच्या घरात वाढत होतं, आणि त्याने दगड घेऊन बसून कोरलं की बघ, आपलं घर असं होतं. हे माझ्या मनाचं आहे, पण मला दुसरं काही सुचतच नाही.

कुब्रातच्या खुणा म्हणाव्यात तर सगळ्या सोन्याच्या. पेरेश्चेपिनाला १९१२ ला गुराखी पोरांना वाळूत सापडलेला खजिना, वीस किलोच्या वर सोनं, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे. त्यातल्या अंगठ्यांवरच्या गुंफलेल्या ग्रीक अक्षरांत त्याचं नाव आणि पात्रिकिओस ही पदवी वाचली गेली, ते १९८० च्या दशकात. पण मला विचाराल तर तो दगडी तंबू मला जास्त जवळचा.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. इथून सरळ पूर्वेला आणि थोडं उत्तरेला पाणी ओलांडलं की तामान, फानागोरिया, बातबायान जिथे राहिला ती जागा. दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झालेली, तो गोठ्याजवळ खाटेवर बसला होता. लेकीने फोन ओढून घेतला आणि अडखळत, पण मराठीत, सगळं सांगितलं, घोडा, ससा, टायर. मग विचारलं, काका, तुमचं जन्मसाल कुठलं?

"त्र्याहत्तर."

तिने बोटांवर मोजलं. "काका, तुम्ही शेगोर! राजा कुब्रात पण शेगोर!"

"म्हणजे काय गं बाई?"

"बैल."

दादा हसला. मागे वळून बघितलं, बैलजोडी रवंथ करत होती. म्हणाला, "मग बरोबरच आहे की. दावणीला मी एकटाच राहिलो."

लेकीने फोनवर हात ठेवला आणि हळूच मला विचारलं, बाबा, दावण म्हणजे काय?